लेकराला कॅज्युअल्टी आवडली तर

पालकहो, आपल्या भागात लेकरू डॉक्टर होणार म्हटलं की पुढचं सगळं चित्र आपण आधीच रंगवून ठेवतो. दहावीला नव्वदच्या वर टक्के, मग दोन वर्षं लातूर, भाड्याची खोली, मेसचा डबा, नीटचा निकाल, पेढे. मग एमबीबीएस. त्यानंतर एखादं एमडी नाहीतर एमएस, आणि शेवटी नळदुर्गात, उमरग्यात, फार तर सोलापुरात रस्त्याला लागून दवाखाना. खाली ओपीडी, वर राहतं घर आणि पाटीवर लेकराचं नाव. त्या पाटीपायी रान गहाण टाकलेले बाप तुमच्याही ओळखीत असतील.

अशा घरातलं लेकरू एखाद्या दिवाळीला घरी येतं आणि सांगतं, "मला पुढं इमर्जन्सी मेडिसिन करायचंय." बाप विचारतो, म्हणजे काय? लेकरू समजावून सांगतं. बापाच्या ध्यानात येतं ते एवढंच, की आपलं पोरगं कॅज्युअल्टीत बसणार. "एवढं शिकून रात्रपाळीचा डॉक्टर?" तो म्हणतो. पोरगी असेल तर माय पुढं सरकते: "रात्री-अपरात्रीची ड्यूटी आपल्याला नको गं बाई." विषय तिथंच मिटतो.

तो तिथं मिटू नये म्हणून हे बोलायला बसलोय. मी डॉक्टर नाही, जीवशास्त्राचा मास्तर आहे. पण मास्तराकडं जुनी मुलं येऊन बसतात, आणि घरी न बोललेलं बरंच काही इथं बोलून जातात.

आपलं जळकोट गाव हायवेवर आहे. पुण्याहून निघून सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा करत पार मछलीपट्टणमच्या समुद्रापर्यंत जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग 65, पूर्वीचा नऊ नंबर. त्या रस्त्यानं आपल्याला बाजार दिला, हॉटेलं दिली, आणि एक वाक्यही दिलं. "पेशंट सिरियस आहे, सोलापूरला हलवा." हे वाक्य न ऐकलेलं घर आपल्या पंचक्रोशीत सापडायचं नाही. मोटारसायकल घसरली, कुणाला पान लागलं, कुणी फवारणीचं औषध पोटात घेतलं, म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली, की गाडी काढायची आणि सोलापूर गाठायचं. तिथं पोचल्यावर पेशंटला पहिला हात लावतो तो कॅज्युअल्टीतला डॉक्टर. पेशंट वाचला तर पेढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला जातात, छातीच्या डॉक्टरला जातात. त्या पहिल्या माणसाचं नाव आपल्यापैकी किती जणांना आठवतं? मला तर एकाचंही सांगता येणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, कॅज्युअल्टीत कुणीही बसतं की. नुकता पास झालेला पोरगाही बसतो. बरोबर आहे, आणि बरीच वर्षं असंच चाललं. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आठवा. रात्री गणपती बोळवून माणसं झोपली होती. चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारी-सास्तूरची जमीन हलली आणि दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर आली. हजारो माणसं गेली. जखमींना लातूर-सोलापूरच्या रुग्णालयांत नेलं, आणि हाडाचे, पोटाचे, भुलीचे असे सगळे डॉक्टर हातातली कामं टाकून धावले. पण असा लोंढा दारात आला तर आधी कुणाला घ्यायचं, कुणी थांबलं तर चालेल, ढिगाऱ्याखाली तासन् तास दबलेला पाय मोकळा झाल्यावर त्या माणसाची किडनी कशी सांभाळायची, याचं वेगळं शिक्षण घेतलेला डॉक्टर तेव्हा आपल्या देशात मिळत नव्हता, कारण त्या विषयाची पदवीच नव्हती. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेनं इमर्जन्सी मेडिसिनला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता दिली ती 2009 साली. किल्लारीनंतर सोळा वर्षांनी. म्हणजे हा विषय तुमच्या बारावीतल्या लेकराच्या वयाच्या आसपासचाच आहे. बापाला त्याचं नाव ठाऊक नसलं तर त्यात बापाचा काही दोष नाही.

अमेरिकेतही हे फार जुनं नाही. 1961 साली व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया गावात जेम्स मिल्स नावाच्या डॉक्टरानं आणि त्याच्या सोबत्यांनी आपापला चालता दवाखाना बंद केला आणि गावच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग चोवीस तास, आळीपाळीनं सांभाळायला घेतला. त्यांनी आपली पाटी स्वतःच्या हातानं उतरवली असं म्हणा ना. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं असणार. पुढं 1970 मध्ये सिनसिनाटीला या विषयाचं पहिलं पदव्युत्तर शिक्षण सुरू झालं, आणि 1979 मध्ये तिकडं त्याला स्वतंत्र शाखेचा दर्जा मिळाला.

हा डॉक्टर नेमकं करतो काय, ते एका उदाहरणानं सांगतो. पावसाळ्यातली रात्र. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला पंचविशीतला गडी पहाटे उठतो, पोटात कळा येतात म्हणतो. घरच्यांना वाटतं, रात्रीचं जेवण बाधलं. ओवा देतात, लिंबू-सोडा देतात. अंगावर खूण नाही, सूज नाही. तासाभरानं त्याला गिळता येईनासं होतं, आवाज घोगरा होतो. अशा पेशंटला आणलं की ज्याला ठाऊक नाही तो पोटाची तपासणी करत बसतो. ज्याला ठाऊक आहे तो आधी त्याच्या पापण्यांकडं बघतो. "वर बघ, डोळे उघडे ठेव." पापण्या उचलत नाहीत, डोळे अर्धवट मिटलेले. मग तो नातेवाइकांना पहिला प्रश्न विचारतो: "हा खाटेवर झोपला होता की खाली?"

मण्यार चावली की असंच होतं. ती रात्री चावते, झोपेतल्या माणसाला बहुतेक वेळा कळतही नाही, दाताची खूण शोधून सापडत नाही. तिच्या विषानं नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप तुटतो. आधी पापण्या, मग घसा, मग छाती. श्वास थांबायच्या आत नळी घालून यंत्रावर घेतलं, सर्पविषाची लस दिली, तर हाच माणूस काही दिवसांनी आपल्या पायांनी घरी जातो. मधल्या काळात तो प्रेतासारखा पडलेला असतो. हात हलत नाही, डोळा उघडत नाही. घरचे रडायला लागतात, कुणीतरी म्हणतं, आता घरी न्या. आणि आतून त्या गड्याला सगळं ऐकू येत असतं. हे ठाऊक असलेला डॉक्टर त्याच्या कानाशी वाकून त्याचं नाव घेतो, "घाबरू नको, यंत्र श्वास देतंय, तू बरा होणार आहेस" म्हणतो, आणि मग बाहेर येऊन नातेवाइकांना थोपवतो.

घोणस चावली तर गोष्ट निराळी. तिच्या विषानं रक्त गोठायचंच थांबतं. ते ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. काचेची कोरडी, स्वच्छ परीक्षानळी घ्यायची, तिच्यात थोडं रक्त घालून वीस मिनिटं न हलवता ठेवायची. वीस मिनिटांनी तिरकी केली आणि रक्त पाण्यासारखं वाहिलं, की निदान झालं. नळी प्लास्टिकची चालत नाही, साबणानं धुतलेलीही दगा देते. ही बारकाई ज्याच्या अंगात मुरली तो या कामाचा माणूस.

फवारणीच्या औषधाचं तर आपल्या जिल्ह्यात सांगायलाच नको. तिथं ॲट्रोपिन द्यायचं, पाच-पाच मिनिटांनी छाती ऐकायची, फुप्फुसातली खरखर थांबेपर्यंत मात्रा वाढवत न्यायची. पेशंटजवळून हलायचं नाही. आणि तो शुद्धीवर आला की "का केलंस असं?" म्हणून दरडावायचं नाही, शेजारी बसायचं. हे शेवटचं पुस्तकात चार ओळींत असतं आणि करायला सगळ्यांत अवघड असतं.

पण हे काम करायला पाटीवर "इमर्जन्सी" लिहिलेलं असावंच लागतं असंही नाही. आपल्या मराठवाड्यातलाच माणूस बघा. डॉ. हिंमतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, 1951 चा जन्म, घरची गरिबी, पडेल ती कामं करत शिकले. नागपुरातून एमबीबीएस झाले आणि 1976 साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात तेव्हा लाल विंचू चावला की माणसं दगावायची, मुलं जास्त. दरदरून घाम, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार, आणि मग फुप्फुसात पाणी होऊन तोंडाला फेस. अशा शंभरांतले चाळीसेक जात. मोठ्या शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी हे फारसं पाहिलेलंच नव्हतं, कारण तिथवर पेशंट पोचतच नसे. बावस्कर खाटेशी बसून राहिले. दर थोड्या वेळानं नाडी, रक्तदाब, घाम, हातपायांचा गारवा, सगळं लिहून ठेवत गेले. मधे पुण्याला जाऊन एमडी केलं आणि पुन्हा त्याच मुलखात परतले. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन नावाची स्वस्तातली गोळी या विषाच्या परिणामावर चालते, हे त्यांनी दाखवून दिलं. मृत्यूचं प्रमाण शेकडा एकवर आलं. तालुक्याच्या गावातून पाठवलेले त्यांचे निबंध "लॅन्सेट"मध्ये छापून आले. पत्नी डॉ. प्रमोदिनी संशोधनात बरोबरीनं होत्या. 2022 साली पद्मश्री मिळाली. त्यांचं "बॅरिस्टरचं कार्टं" हे आत्मचरित्र घरात आणून ठेवा. लेकराआधी तुम्ही वाचा.

तिकडं नांदेड जिल्ह्यात मुखेडला डॉ. दिलीप पुंडे यांनी सर्पदंशाच्या पेशंटांसाठी असंच ठाण मांडलं. आणि आपल्या अगदी उशाशी, अणदूरला, डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशनच्या माध्यमातून गावोगावच्या बायांना "भारतवैद्य" म्हणून तयार केलं. डॉक्टर गाठेपर्यंतचा वेळ शेजारपाजाऱ्यांच्याच हातात असतो, हे खेड्यात राहिल्याशिवाय सुचत नाही.

आता वाट कशी आहे तेही सांगतो, थोडक्यात. नीट, साडेचार वर्षांचं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप. सरकारी कॉलेजात शिकलं तर एक वर्ष ग्रामीण सेवेचं बंधन. मग नीट-पीजी, आणि तीन वर्षांचं एमडी किंवा डीएनबी. सगळं एका दमात झालं तरी लेकरू अठ्ठाविशीला टेकतं. पुढं अतिदक्षता विभागाचं आणखी मोठं शिक्षण घ्यायची वाटही असते. आपल्या धाराशिवला आता सरकारी मेडिकल कॉलेज झालं आहे, सोलापूरचं वैशंपायन कॉलेज तर 1963 पासूनचं. एका गोष्टीत मात्र डोळे उघडे ठेवा. काही खासगी रुग्णालयं "इमर्जन्सी"च्या नावानं परदेशी विद्यापीठाचा शिक्का असलेले अभ्यासक्रम चालवतात. पैसे भरायच्या आधी एकच विचारा: राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाची मान्यता आहे का? लेखी दाखवा म्हणा. तोंडी उत्तरावर रान विकू नका.

आणखी एक गोष्ट कानावर येईल. वरच्या रँकची मुलं रेडिओलॉजी घेतात, मेडिसिन घेतात, त्वचारोग घेतात. इमर्जन्सी म्हणजे उरलंसुरलं. रँकचं तसं आहे खरं. पण रँक बाजार सांगते, लेकराचा कल सांगत नाही. ज्याला अंधाऱ्या खोलीत एक्स-रे बघत बसणं जड जातं त्याला रेडिओलॉजीत कोंबून तुम्ही काय मिळवणार?

मुख्य अडचण पाटीचीच आहे, ती आधी बोलून टाकू. या डॉक्टरला स्वतःचा पेशंट नसतो. तो वाचवतो, स्थिर करतो आणि दुसऱ्याच्या हवाली करतो. त्याची ओपीडी नसते, त्याच्या दारात सकाळी चपलांचा ढीग नसतो. पगार असतो, पाळ्या असतात, सुट्टीही ठरलेली असते. पण नळदुर्गात खाली दवाखाना आणि वर घर, हे त्याच्या नशिबात बहुधा नाही. मोठ्या शहरात, मोठ्या रुग्णालयात राहावं लागेल. गावात लोक विचारतील, "तुमच्या पोराचा दवाखाना कुठाय?" तेव्हा तुम्हाला सरळ उत्तर देता येणार नाही. हे पचवायची तयारी लेकराआधी आईबापांनी करायची असते. माझं मत विचाराल तर पाटीचा हट्ट सोडण्यासारखा आहे. कर्ज काढून इमारत उभी करायची आणि मग तिचे हप्ते फेडायला गरज नसलेल्या तपासण्या लिहायच्या, त्यापेक्षा ठरलेला पगार पुष्कळ बरा.

आईच्या धास्तीला मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. 9 ऑगस्ट 2024 ला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टर मुलीवर बलात्कार झाला आणि तिचा खून झाला. ती बातमी वाचून ज्या आईची झोप उडाली नाही अशी आई मला माहीत नाही. म्हणून "रात्रीची ड्यूटी नको" असं म्हणून पोरीची वाट अडवू नका; प्रवेशाच्या वेळी प्रश्न विचारा. बाई डॉक्टरांना झोपायला वेगळी खोली आहे का, तिला आतून कडी आहे का, रात्री पहारेकरी कुठं असतो, हॉस्टेल आवारातच आहे की रस्ता ओलांडून? हे विचारायला लाजू नका. फी विचारताना लाजता का?

मारहाणीचंही तेच. डॉक्टर आणि रुग्णालयांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्रात 2010 पासून वेगळा कायदा आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी हल्ले होतात, आणि सगळ्यांत आधी होतात ते कॅज्युअल्टीत. तिथं एक गोष्ट आपल्याला खटकते: आपण आधी आलो आणि डॉक्टर मागून आलेल्याकडं का धावला? याचं उत्तर त्यांच्या शिक्षणात आहे. पेशंट दारात आला की त्याला लाल, पिवळा, हिरवा ठरवतात. श्वास अडकलेला, रक्त वाहणारा लाल. हात मोडून कळवळणारा पिवळा. खरचटून मोठ्यानं ओरडणारा हिरवा. जो ओरडतोय त्याचा श्वास नीट चाललाय, म्हणून तो थांबू शकतो. गप्प पडलेल्याची त्यांना जास्त धास्ती. पुढच्या वेळी आपण नातेवाईक म्हणून तिथं उभे राहिलो तर एवढं आठवावं. मेडिकलला जाणारं लेकरू शेजारी उभं असेल तर जास्तच.

मग हे काम कुणाला मानवतं? हुशारी लागतेच, पण तेवढ्यावर भागत नाही. घरात काही झालं की कोण काय करतं ते बघा. चुलीवरचं तेल सांडून आजीचा हात भाजला तेव्हा एक लेकरू रडत बसलं, एक ओरडत शेजाऱ्याकडं धावलं, आणि एकानं गप्पपणे आजीचा हात धरून गार पाण्याखाली नेला, बांगड्या काढून घेतल्या. तिसऱ्याकडं लक्ष ठेवा. अर्धवट माहितीवर निर्णय घेणं, चुकीची शंका आली तर लगेच पाऊल मागं घेणं, वॉर्डबॉयशीही नीट बोलणं, आणि पेशंट गेल्यावर बाहेर जाऊन त्याच्या आईला ते सांगणं, हे ज्याला जमेल त्यानं यात पडावं. चाळिशीनंतर रात्रपाळ्या अंगावर येतात, तेही त्यानं ऐकून ठेवावं. ज्याला एकाच पेशंटला वर्षानुवर्षं बघायला आवडतं, त्याच्या पोराबाळांची नावं लक्षात ठेवायला आवडतं, त्यानं आपला दवाखाना टाकावा. त्यात कमीपणा काहीच नाही.

आणि नीटमध्ये नंबर हुकला म्हणून ही वाट बंद होत नाही. महाराष्ट्रात 26 जानेवारी 2014 ला 108 ची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, 937 गाड्यांची, आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर. त्यांतले पुष्कळ जण बीएएमएस, बीएचएमएस झालेले. कॅज्युअल्टीतली अनुभवी सिस्टर नवख्या डॉक्टरला किती वेळा सांभाळून घेते, ते कुठल्याही डॉक्टरला विचारा. त्यामुळं एमबीबीएसची सीट विकत घेण्यासाठी वडिलोपार्जित जमिनीला हात लावायचा विचार असेल तर थांबा. लेकराला ते काम आवडतंय की डॉक्टर हा शब्द, हे आधी तपासून घ्या.

इमर्जन्सी घ्यायची की आणखी काही, हा निर्णय आज बारावीत घ्यायचा नाहीच. तो एमबीबीएस झाल्यावर, चोवीस-पंचविसाव्या वर्षी, सहा महिने कॅज्युअल्टीचं पाणी प्यायल्यावर लेकरानं स्वतः घ्यायचा आहे. तुमच्याकडून एवढंच हवंय. त्या दिवशी त्याचा फोन आला आणि त्यानं हे नाव घेतलं, तर "त्यात काय आहे?" म्हणू नका. "तिथं आज काय काय पाहिलंस?" असं विचारा, आणि फोन ठेवायची घाई करू नका.